डीबीए : रिलेशनल डेटाबेस सांभाळण्याचा व्यवसाय

बँकेतली खाती, दवाखान्यातले रिपोर्ट, विम्याचे हप्ते, ॲपवरच्या ऑर्डरी ही माहिती बहुतेक ठिकाणी रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत, साठवलेली असते. हा डेटाबेस चालू ठेवणे, त्याचा वेग राखणे आणि बिघडल्यास तो परत उभा करणे ही जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला आयटीत डीबीए (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर) म्हणतात. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर, तळवडे या भागांत हे काम करणारे पुष्कळ आहेत. तिन्ही कामांत परत उभा करणे सर्वांत वरचे. संथ क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) उद्या सुधारता येते. बॅकअप नसताना गेलेला डेटा कितीही हुशार माणूस आणू शकत नाही.

या पद्धतीचा पाया आयबीएममधील ई. एफ. कॉड यांच्या १९७० च्या निबंधाने घातला. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि ती डिस्कवर कुठे, कशी पडली आहे याची काळजी वापरणाऱ्याला नसावी, हा त्यातला मुख्य विचार. पुढे आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेतून आजची एसक्यूएल आली. या भाषेत काय हवे एवढेच सांगायचे. ते कसे शोधायचे हे डेटाबेसमधला ऑप्टिमायझर हा भाग ठरवतो. त्याचा निर्णय बहुतेक वेळा चांगला असतो. तो चुकतो तेव्हा डीबीएला फोन येतो.

पुण्यात या विषयाची मुळे बरीच आधीची आहेत. टाटांची संशोधन संस्था टीआरडीडीसी १९८१ मध्ये आणि सरकारी संगणक संशोधन संस्था सी-डॅक १९८८ मध्ये इथे सुरू झाली. डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली सॉफ्टवेअर कंपनी पर्सिस्टंट सिस्टिम्सही पुण्याचीच. आज ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल हे डेटाबेस सांभाळणाऱ्यांबरोबरच पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ कोडवर काम करणारे अभियंतेही या शहरात आहेत.

कामाचे वेळापत्रक क्लायंटच्या घड्याळावर चालते. न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्री दहाला मेंटेनन्स सुरू होणार असेल, तर उन्हाळ्यात पुण्यात रविवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जाते. मार्चमध्ये तिथला दोन ते तीनचा तास येतच नाही, नोव्हेंबरमध्ये एक ते दोनचा तास दोनदा येतो. स्थानिक वेळेवर लावलेला, रात्री आपोआप चालणारा जॉब त्यामुळे कधी चुकतो, कधी दोनदा चालतो. सर्व्हर यूटीसीवर (घड्याळ न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवावा हा सल्ला त्यातूनच आला. ऑन-कॉलचा, म्हणजे कधीही बोलावणे येऊ शकते असा, आठवडा घरच्यांनाही सोसावा लागतो. सण-समारंभातही लॅपटॉप जवळ ठेवावा लागतो. रोस्टर न्याय्य नसेल तर चांगली माणसे टिकत नाहीत, हे मॅनेजरांनी मनावर घेण्याजोगे आहे.

‘काल चालत होतं, आज अडकलंय’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. अशा वेळी पहिला प्रश्न हा, की क्वेरी काम करते आहे की वाट पाहते आहे? वाट पाहत असेल तर तिच्यापुढे कोणाचे तरी लॉक (तो डेटा अडवून धरणारे कुलूप) असते. पुष्कळदा कोणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) उघडून, कमिट न करता, म्हणजे ते पक्के न करता, जेवायला गेलेला असतो. पोस्टग्रेसमध्ये अशा ट्रान्झॅक्शनमागे एखादी टेबल बदलणारी कमांड उभी राहिली, की तिच्यामागे त्या टेबलावरच्या साध्या वाचनाच्या क्वेरीही रांगेत थांबतात आणि सगळे ॲप ठप्प होते. म्हणून असा बदल करताना लॉकसाठी थांबण्याची मर्यादा काही सेकंदांची ठेवावी. लॉक मिळाले नाही तर कमांड सोडून द्यावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.

क्वेरी वाट पाहत नसून राबत असेल तर तिचा प्लॅन, म्हणजे ऑप्टिमायझरने निवडलेला रस्ता, पाहावा. टेबलाची आकडेवारी शिळी झाली असेल तर ऑप्टिमायझर लाखो ओळींच्या जागी शंभर धरून चालतो आणि भलताच रस्ता निवडतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) असूनही अटीत त्या कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलेले असते. मग साधा इंडेक्स कामाला येत नाही. तीच अट ‘या दिवसाच्या मध्यरात्रीपासून पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीआधी’ अशी लिहिली की तो वापरता येतो.

मराठी माहिती साठवताना एक अडचण हमखास येते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, पण हलन्त आणि मात्रा धरून त्यात १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट असतात. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे २० लांबीच्या कॉलमात हे नाव बसत नाही आणि इंग्रजी नावांवर उत्तम चाललेला फॉर्म इथे एरर देतो. लांबी बाइटऐवजी कॅरॅक्टरमध्ये द्यावी आणि चाचणीच्या डेटात जोडाक्षरांची नावे मुद्दाम घालावीत.

प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर, हाताने अपडेट चालवायचा असेल तर आधी त्याच अटीने किती ओळी येतात ते मोजावे, ट्रान्झॅक्शन उघडावे, अपडेटने तेवढ्याच ओळी बदलल्या का हे पाहावे आणि मगच कमिट करावे. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी कमांड आपोआप कमिट करते, तिथे रोलबॅकचा (बदल मागे घेण्याचा) आधार नसतो.

बॅकअपबाबत प्रत्येक नवख्याला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीतली घटना समजावून द्यावी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. रोजचा बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेस ९.२ चे होते आणि डेटाबेस ९.६ चा, बॅकअप अयशस्वी होत होता आणि त्याचे इशारे देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीवरून) काम सुरू झाले. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळे उघडपणे लिहून प्रसिद्ध केले, हे फार मोलाचे.

त्यामुळे ‘बॅकअप सक्सेसफुल’ या मेलवर विसंबू नये. ठरावीक काळाने बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करावा, मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजाव्यात, शेवटची नोंद किती वाजताची आहे ते पाहावे, आणि रिस्टोअरला लागलेला वेळ नोंदवून ठेवावा. प्रॉडक्शन पडल्यावर क्लायंट ‘किती वेळ लागेल?’ असे विचारतो, तेव्हा हाच आकडा सांगता येतो.