क्लँग : कंपायलर फ्रंट-एंड आणि त्यावरची कोड-तपासणी साधनं

क्लँग म्हणजे सी, सी++ आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषांचा ओपन सोर्स कंपायलर फ्रंट-एंड, म्हणजे कोडचा मशीनच्या भाषेत अनुवाद करणाऱ्या प्रोग्रामचा पहिला टप्पा. कोड वाचायचा, चुका दाखवायच्या आणि एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाच्या आयआरमध्ये (मधल्या टप्प्याच्या भाषेत) उतरवून पुढं द्यायचा, एवढं याचं काम. ऑप्टिमायझेशन आणि मशीन कोड एलएलव्हीएम बघतं.

सुरुवात साधारण 2007 ची धरतात, कारण त्या जुलैत कोड खुला झाला, पण ॲपलच्या आत काम त्याआधीच चालू होतं. एलएलव्हीएम त्याहून जुनं, 2000 मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केलेलं. लॅटनर 2005 मध्ये ॲपलमध्ये गेले. तोवर जीसीसी या दुसऱ्या ओपन सोर्स कंपायलरचाच फ्रंट-एंड एलएलव्हीएमला जोडून वापरायचे. मग नवा कशाला लिहिला? एक मत असं की लायसन्समुळे, जीसीसी ज्या जीपीएल लायसन्सखाली येतो त्याची तिसरी आवृत्ती, जीपीएल 3, आली जून 2007 मध्ये आणि महिन्याभरात क्लँग खुला झाला. तारखा जुळतात खऱ्या, जीपीएल 3 चे मसुदेही 2006 पासून फिरत होते, पण 2005 च्या शेवटी लॅटनर यांनीच एलएलव्हीएम जीसीसीत घ्या, कॉपीराइटही देतो असा प्रस्ताव ठेवला होता, म्हणजे तेव्हा तरी लायसन्सचा अडसर दिसत नाही. दुसरं मत रचनेचं, आणि तेच जास्त पटतं: आयडीई (कोड लिहायची सॉफ्टवेअरं) आणि इतर टूल्सना लायब्ररीसारखा वापरता येईल असा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, हवा होता आणि जीसीसीतून तेवढाच भाग सुटा काढणं अवघड होतं.

क्लँगचा एएसटी, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड, मूळ कोडशी फार इमानदार असतो. कंसाला वेगळा नोड, इंटचा (पूर्णांकाचा) आपोआप डबल (दशांश संख्या) झाला तर त्या बदलालाही (कास्ट) वेगळा नोड, मॅक्रो (कंपाइल होताना उलगडणारं कोडचं लघुरूप) असेल तर तो कुठं लिहिला आणि कुठं उलगडला या दोन्ही जागा लक्षात, आणि हे सगळं लोकेशन 32 बिटांत बसवलेलं. एरर नेमक्या अक्षराखाली बाण काढून दाखवता येते ती यामुळेच, आणि क्लँग-टायडी (कोडमधल्या खोडी दाखवणारं), क्लँगडी (एडिटरला मदत करणारं) वगैरे मंडळी याच एएसटीवर उभी आहेत.

क्लँगचा स्टॅटिक ॲनालायझर 2008 च्या सुमाराचा, सुरुवातीचं बरंचसं काम टेड क्रेमेनेक यांचं. तो प्रोग्राम न चालवता एकेक वाट चालून बघतो. समजा एन ही संख्या शून्य नसेल तरच मॅलॉक केलंय (मेमरी मागितलीय) आणि खाली पुन्हा तीच अट तपासून फ्री केलंय (ती परत दिलीय). दोन इफ म्हणजे कागदावर चार वाटा, त्यातल्या दोन कधीच घडणार नाहीत. साधं टूल त्यातल्या एकीवर लीक (मेमरी परत दिलीच नाही) म्हणून ओरडेल, हा मात्र पहिल्या इफला एनबद्दल काय मानलं ते लक्षात ठेवून गप्प बसतो. अशा प्रत्येक जागा-आणि-स्थितीच्या जोडीचा मोठा आलेख बनतो, त्याला एक्सप्लोडेड ग्राफ म्हणतात. कल्पना रेप्स, हॉर्विट्झ आणि सॅगिव्ह यांच्या 1995 च्या पेपरवरून घेतलेली. वाटा भराभर वाढतात म्हणून लूपमधला ब्लॉक एका वाटेवर डिफॉल्टनं चारदाच बघितला जातो, तेव्हा दहाव्या फेरीत फुटणारा बग निसटू शकतो. दुसऱ्या फाइलमधलं फंक्शनही एरवी दिसत नाही, त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

2010 मध्ये क्लँग स्वतःला कंपाइल करू लागला, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 10 व्या आवृत्तीत तोच डिफॉल्ट कंपायलर झाला, आणि जीसीसीनंही 10 व्या आवृत्तीत, 2020 मध्ये, स्वतःचा ॲनालायझर आणला.