पहिल्या बाजूची चढी पट्टी: ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पुनर्मुद्रणांमागची गोष्ट

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची नवी विनाइल आवृत्ती जाहीर झाली की खरेदी करणारे पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो: ही ‘मूळ मास्टर’वरून, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेपवरून, काढली आहे का? दुसऱ्या एखाद्या अल्बमबद्दल याचं हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. इथे ते देता येत नाही. मूळ म्हणाव्यात अशा टेप इथे एकीहून जास्त आहेत, आणि त्यातल्या दोन एकमेकींशी सुरातच जुळत नाहीत.

हा अल्बम जॅझमध्ये का गाजला, ते थोडक्यात. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, गर्दीतून बाहेर पडून एकाच स्वरपंक्तीवर निवांत फिरायचं, ही कल्पना १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या वादकांमध्ये रुजत होती. आपल्याकडे तिची तुलना लगेच रागाशी केली जाते, पण ती फार ताणू नये. तिथे स्वरपंक्ती आहे. आरोह-अवरोहाचं वळण, वादी-संवादी, पकड यातलं काही नाही.

आता २ मार्च १९५९ या दिवसाकडे येऊ. मॅनहॅटनच्या ईस्ट थर्टिएथ स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. छत उंच, लाकूडकाम जुनं, आणि घुमारा असा की आजही लोक त्याच्यासाठी ही रेकॉर्ड लावतात. त्या दिवशी तीन रचना ध्वनिमुद्रित झाल्या: ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’. उरलेल्या दोन, ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लॅमेंको स्केचेस’, २२ एप्रिलला झाल्या. ऑगस्टमध्ये अल्बम बाजारात आला. मार्चच्या तीन रचना पहिल्या बाजूला, एप्रिलच्या दोन दुसऱ्या बाजूला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी दोन यंत्रं एकाच वेळी चालत. दोन्हींवर तीन ट्रॅकची, म्हणजे आवाज तीन वेगळ्या पट्ट्यांत भरणारी, टेप असे. एक मुख्य आणि दुसरी खबरदारी म्हणून ठेवलेली, जिला तंत्रज्ञ ‘सेफ्टी’ म्हणतात. मार्चमधल्या त्या दिवशी मुख्य यंत्राची मोटर किंचित मंद फिरत होती. मंद यंत्रावर भरलेली टेप नंतर योग्य वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत थोडं जलद आणि थोडं चढं वाजतं. फरक अर्ध्या स्वराहून कमी, म्हणून सहज ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही. एप्रिलमध्ये यंत्र ठीक चाललं. पण रेकॉर्ड छापण्यासाठी मुख्य टेपच वापरली गेली, त्यामुळे पहिली बाजू चढी आणि दुसरी बरोबर अशी तबकडी जगभर गेली. मोनो आणि स्टीरिओ, दोन्हींमध्ये हा दोष आहे.

हे कानाने तपासायचं असेल तर पेटी घेऊन बसावं. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा मात्राखंड पांढरी दोनचे, मग आठ काळी दोनचे आणि शेवटी पुन्हा आठ पांढरी दोनचे. जॅझमधली ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत सुंदर चढण. जुन्या छपाईची प्रत लावून पांढरी दोन दाबून धरली की रेकॉर्डचा षड्ज पेटीच्या वर राहतो. पेटी उतरी आहे की काय असं वाटून आपण काळी दोन दाबतो, तर आता पेटी वर जाते. सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकलेला. मग तबकडी उलटून ‘ऑल ब्लूज’ लावलं की पेटी आणि रेकॉर्ड एकदम जुळतात. मी हे कितीतरी जणांना करून दाखवलं आहे. प्रत्येकाचा हात त्या क्षणी पट्टीवर थबकतो.

या रेकॉर्डसोबत वाजवायला बसणाऱ्यांना ही अडचण वर्षानुवर्षं येत होती. कुणी वाद्य वर चढवून घेई, कुणी टर्नटेबलचा वेग कमी करी, कुणी स्वतःच्या कानाला दोष देई. तेहेतीस वर्षं जी जी प्रत निघाली, मग ती रेकॉर्ड असो, कॅसेट असो की सुरुवातीची सीडी, तिची पहिली बाजू चढीच होती. १९९२ मध्ये एका खास सीडी आवृत्तीच्या तयारीत ‘सेफ्टी’ टेप बाहेर काढली गेली. ती मुख्य टेपशी ताडून पाहिली, तेव्हा वेगातला फरक उघड झाला. सेफ्टी बरोबर होती. दुरुस्त आवृत्तीत ‘सो व्हॉट’ नऊ मिनिटं बावीस सेकंदांचं भरतं. जुन्या प्रतींमध्ये ते काही सेकंद आधीच संपतं.

खरा वाद इथून सुरू झाला. दुरुस्त करायचं की नाही?

१९९० च्या दशकाच्या मध्यात विनाइलच्या पुनर्मुद्रणासाठी नावाजलेल्या एका छोट्या अमेरिकन कंपनीने दोन्ही पर्याय दिले: पहिली बाजू जुन्या वेगात, आणि जोडीला तीच बाजू दुरुस्त वेगात, वेगळ्या तबकडीवर. मालक कंपनीने १९९७ च्या आवृत्तीपासून दुरुस्त वेग हाच नियम केला. यावर नाराज झालेल्यांचं म्हणणं असं की, १९५९ मध्ये लोकांच्या हातात पडली ती रेकॉर्ड हाच इतिहास आहे. दोन पिढ्यांनी चढ्या पट्टीवरच या संगीतावर प्रेम केलं. त्या वेगात जी धार होती ती दुरुस्तीत बोथट झाली, असंही काही जण सांगतात.

मला हा युक्तिवाद पटत नाही. धार वादकांनी दिलेली नव्हती, ती मोटरने दिली होती. ‘ब्लू इन ग्रीन’मधल्या म्यूट (आवाज दबवणारं झाकण) लावलेल्या ट्रम्पेटचा स्वर योग्य वेगात जसा ओठांपासून सुटतो, तसाच त्या खोलीत वाजला होता. शिवाय याच अल्बमची दुसरी एक चूक कुणीही जपायला निघालेलं नाही. सुरुवातीच्या वेष्टनांवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलट छापली गेली होती. ती पुढच्या छपाईत बदलली आणि विषय मिटला. छापील चूक सुधारलेली चालते, तर सुराची चूक सुधारायला हरकत का असावी? जुना वेग अभ्यासासाठी उपलब्ध राहावा, दोन्ही द्यावेत, हे मात्र शंभर टक्के मान्य.

पण दुरुस्ती केली की ‘मूळ’ या शब्दाची गुंतागुंत वाढते. तीन ट्रॅकची टेप थेट रेकॉर्डवर जात नाही. तिच्यावरून आधी दोन ट्रॅकचं, किंवा मोनोसाठी एका ट्रॅकचं, मिश्रण करावं लागतं. कोणतं वाद्य किती पुढे, घुमारा किती, हे त्या वेळी यंत्रावर बसलेला माणूस ठरवतो. १९५९ चं मिश्रण मुख्य टेपवरून झालेलं, म्हणजे चढं. सेफ्टीवरून काम करायचं तर मिश्रण नव्याने करणं आलं, म्हणजे त्यात १९५९ चा तो हात नाही. जुनंच मिश्रण हवं असेल तर ते वेग उतरवून वाजवावं लागतं, आणि ती मिश्रणाची टेप वर्षानुवर्षं नकला काढून झिजलेली. म्हणजे ‘मूळ’ म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी दाखवता येतात: मुख्य तीन ट्रॅक, सेफ्टी, १९५९ चं मिश्रण आणि छपाईसाठी काढलेली त्याची नक्कल. वेष्टनावर मात्र सगळीकडे एकच शब्द: ‘ओरिजिनल मास्टर’.

या शब्दाचा फुगा २०२२ मध्ये फुटला. ‘संपूर्ण अ‍ॅनालॉग’, म्हणजे मधे कुठेही डिजिटल नक्कल नसलेल्या, म्हणून ज्यांच्या महागड्या रेकॉर्ड लोक विश्वासाने घेत होते, अशा एका कंपनीच्या तंत्रज्ञांनीच एका मुलाखतीत मान्य केलं की बऱ्याच आवृत्त्यांमध्ये टेप आणि कटिंग (चकतीत चर कोरणं) यांच्या मधे डिजिटल टप्पा होता. ‘काइंड ऑफ ब्लू’चीही एक आवृत्ती त्या कंपनीने काढली होती. अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. डिजिटल टप्प्यामागचं कारण पटण्यासारखं होतं: साठ वर्षांची टेप तिजोरीबाहेर पाठवायला मालक तयार नसतात, आणि ती प्रत्येक वेळी लावली की थोडी झिजते. त्या रेकॉर्ड वाईट वाजत होत्या असंही नाही. ग्राहकाला सांगितलं नाही, हा गुन्हा. दोनशे-पाचशे डॉलर मोजणाऱ्या माणसाला सुई कशावर फिरते आहे हे कळायलाच हवं.

किमती चढण्यामागे छपाईची कृतीही आहे. खरादावर लॅकरच्या चकतीत चर कोरले जातात. त्या चकतीवरून धातूचा पहिला साचा, त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून छापणारा साचा. प्रत्येक पायरीवर आवाजातला बारकावा थोडा हरवतो, म्हणून काही कंपन्या मधल्या दोन पायऱ्या गाळतात. पण मग साचा लवकर झिजतो, ठराविक प्रतींनंतर पुन्हा चकती कोरावी लागते आणि प्रती मर्यादित राहतात. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला लॅकर चकत्यांचा कारखाना जळाला आणि जगाची भिस्त जपानमधल्या एकाच कारखान्यावर येऊन पडली. मागणी मात्र वाढतच होती. २०२२ मध्ये अमेरिकेत विनाइल रेकॉर्डची संख्या १९८७ नंतर पहिल्यांदा सीडीच्या पुढे गेली.

या अल्बमच्या मानाबद्दल आता वाद उरलेला नाही. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने त्याच्या पन्नाशीनिमित्त ठराव केला, तो ४०९ विरुद्ध शून्य मतांनी. २०१९ पर्यंत एकट्या अमेरिकेतल्या विक्रीची अधिकृत नोंद पन्नास लाखांवर पोचली. मे २०२० मध्ये अल्बमचे ड्रमवादक जिमी कॉब गेले आणि त्या दोन दिवसांच्या वादकांपैकी कुणीच उरलं नाही. तिसाव्या रस्त्यावरची इमारत तर १९८० च्या दशकातच पाडली गेली.

म्हणजे त्या खोलीची साक्ष देणारं आता टेपशिवाय काही नाही. नवी आवृत्ती घेताना वेष्टनावरचे सोनेरी शिक्के बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: पहिली बाजू कोणत्या वेगात, मिश्रण कधीचं आणि मधे डिजिटल टप्पा आहे का. विक्रेत्याला हे सांगता आलं नाही तर ‘सो व्हॉट’ लावायला सांगावं आणि पांढरी दोन दाबून पाहावी.