अरबी समुद्राचा तापलेला पृष्ठभाग आणि कोकणातील वादळे : पार्श्वभूमी

उत्तर हिंदी महासागरात उठणाऱ्या दर पाच चक्रीवादळांपैकी साधारण चार बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात, हे प्रमाण हवामानशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत इतकी वर्षे छापले गेले की ते जणू भूगोलाचाच भाग वाटू लागले. कोकणातील माणसाने पाठ्यपुस्तक न वाचताही याच समजुतीवर घर, वाडी आणि होडी उभी केली होती. ज्येष्ठात समुद्र खवळतो म्हणून होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या आणि मधल्या काळात बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला तर घरात बसायचे, एवढी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या पुरली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात थडकले तेव्हा ती अपुरी पडली. त्या दिवसाचा अर्थ समजून घ्यायचा तर अरबी समुद्र इतका काळ शांत का होता, इथून सुरुवात करावी लागते.

चक्रीवादळ तयार होण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते, आणि या एका अटीत अरबी समुद्र कधीच नापास नव्हता. मे महिन्यात त्याचा मोठा भाग याहून गरम असतो. त्याला आवर घालणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलतात आणि त्या जागी खालचे थंड पाणी वर येते. अरबस्तानच्या वाळवंटावरून येणारी कोरडी हवा ढगांची वाढ खुंटवते. शिवाय ऐन पावसाळ्यात खालच्या थरातील वारे नैर्ऋत्येकडून आणि उंचावरचे पूर्वेकडून वाहत असल्याने वादळाचा उभा स्तंभ जुळण्याआधीच मोडतो. बंगालच्या उपसागरात मात्र गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी हलक्या थरासारखे वर पसरते, ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, आणि म्हणून तो समुद्र वरून तापलेलाच राहतो. अरबी समुद्रात वादळांना वाव मिळायचा तो मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि तेव्हाही त्यांतील बरीच ओमान-येमेनकडे वळायची.

या समुद्राची आणि त्यावरील हवेची मोजदाद मुंबईत जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. १८७५मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १९२८मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. याच काळातली म्हणून एक कथा आजही आपत्तींच्या याद्यांत फिरते, की ६ जून १८८२ रोजी मुंबईवर आलेल्या चक्रीवादळात एक लाख माणसे दगावली. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत आणि वेधशाळेच्या नोंदींत अशा वादळाचा मागमूस नाही. एक लाख माणसे मेली आणि शहरात कोणी त्याची नोंदही केली नाही, हे मुंबईच्या बाबतीत तरी अशक्यच. नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईला खरेच चक्रीवादळाचा तडाखा बसला होता, पण ते लोकांच्या स्मरणातून गेले आणि न झालेले १८८२चे वादळ मात्र याद्यांत टिकले.

पृथ्वी तापण्याचे मूळ कारण शास्त्रज्ञांना तेव्हाही अगदीच अनोळखी नव्हते. युनिस फूट यांनी १८५६मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी अधिक तापते असे दाखवले. जॉन टिंडल यांनी १८५९पासून उष्णता शोषण्याचे मोजमाप केले. स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी १८९६मध्ये कोळसा जाळल्याने तापमान किती वाढेल याचा हिशेब मांडला. हवेतील या वायूची अखंड मोजणी मात्र चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे सुरू केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण आता ४२०च्या पुढे गेले आहे. या वाढीमुळे पृथ्वीवर अडकणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर पोटात घेतात, आणि म्हणून समुद्राची मोजणी केल्याशिवाय हवेचा हिशेब पुरा होत नाही.

हिंदी महासागराची ती मोजणी उशिरा झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९५९ ते १९६५ या काळात पार पडली, तिचे हवामान केंद्र कुलाब्याला होते, आणि तिच्यातूनच १९६६मध्ये स्थापन झालेली व आज गोव्यात दोना पावलला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था त्याआधी, १९६२मध्ये सुरू झाली होती. या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवून दिले, की हिंदी महासागराचा पश्चिम भाग १९०१ ते २०१२ या काळात जून ते सप्टेंबर या महिन्यांत सुमारे १.२ अंशांनी तापला. हा महासागर उत्तरेला आशिया खंडाने बंद केलेला आहे. अटलांटिक किंवा प्रशांत महासागराप्रमाणे त्याची उष्णता थेट उत्तर ध्रुवाकडे वाहून जाऊ शकत नाही.

वादळांची नवी रांग २००७पासून दिसू लागते. त्या वर्षीचे ‘गोनू’ हे महाचक्रीवादळ ओमानकडे गेले, त्यामुळे इथे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ‘ओखी’ने २०१७च्या नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारी आणि लक्षद्वीपजवळ इतक्या झपाट्याने जोर धरला, की खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचायला वेळच उरला नाही. २०१९मध्ये तर अरबी समुद्रात एकाच वर्षी ‘वायू’, ‘हिक्का’, ‘क्यार’, ‘महा’ आणि ‘पवन’ अशी पाच चक्रीवादळे उठली, त्यांपैकी ‘क्यार’ आणि ‘महा’ काही दिवस एकाच वेळी घोंगावत होती. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा बरीच अधिक तापलेली होती, म्हणजे शास्त्रज्ञांनी १९९९मध्ये नाव दिलेला ‘द्विध्रुव’ जोरात होता, हे त्यामागचे तात्कालिक कारण. मुळात तापलेला समुद्र हे दीर्घकालीन. पुण्याच्याच संस्थेच्या २०२१च्या अभ्यासात १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे, तर बंगालच्या उपसागरातील ८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हवेतील धूर आणि धूलिकणांमुळे वादळाचा स्तंभ मोडणाऱ्या वाऱ्यांची आडकाठी कमी झाली हेही एक कारण सांगितले जाते. त्यावर मतभेद आहेत.

‘निसर्ग’च्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ओडिशाच्या मापाने हे मोठे वादळ नव्हे, पण श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या ओडिशाच्या मापाने उभ्या नव्हत्या. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी ज्या पोफळीवर धरते ती उंच, सडपातळ आणि मुळे उथळ असलेली झाडे ओळीने मोडून पडली, नारळ उन्मळले, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडल्याने कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पीक गेले तर पुढच्या हंगामात पेरता येते. पोफळ लावल्यापासून उत्पन्न यायला मात्र पाच-सात वर्षे लागतात, आणि तोवर त्या कुटुंबाने खायचे काय, या प्रश्नाला हेक्टरवर मोजल्या जाणाऱ्या नुकसानभरपाईत जागाच नसते, कारण वाडी मोजली जाते गुंठ्यांत आणि तिची किंमत झाडांत. पुढच्याच वर्षी, मे २०२१मध्ये, ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग-रत्नागिरीला समांतर सरकत गुजरातेत शिरले आणि मुंबईत मे महिन्यातच एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडून गेले.

समुद्राच्या उष्णतेचा दुसरा परिणाम पावसावर होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला होता. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आणि त्यांना लागणारे बाष्प अरबी समुद्रातून येते, असा निष्कर्ष २०१७मध्ये निघाला; याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटली. कमी दिवसांत जास्त पाऊस आणि मध्ये लांब उघडीप, असा हा बदल आहे. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ रोजी एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण बुडाले आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली.

उपायांचा इतिहास मात्र बराच काळ पूर्व किनाऱ्याचा इतिहास राहिला, आणि ते समजण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाने निवारे बांधले, इशारे गावागावांत पोहोचवले आणि मृत्यूंची संख्या हजारांवरून दोन आकड्यांच्या आसपास आणली. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा पहिला टप्पा आंध्र आणि ओडिशासाठी होता. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक आणि केरळ ही पश्चिम किनाऱ्याची राज्ये दुसऱ्या टप्प्यात आली. निवारा, भूमिगत वीजवाहिनी आणि खारे पाणी रोखणारे बंधारे ही कामे कोकणात वादळे येऊ लागल्यानंतर हाती घेतली गेली. खोल समुद्रातील मच्छीमाराला मोबाइलचा संकेत मिळत नाही म्हणून ‘ओखी’नंतर उपग्रहामार्फत इशारा देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण २०१९मध्ये आणले गेले, पण कित्येक लहान होड्यांना अजून वायरलेसच परवडत नाही.

कांदळवनांच्या बाबतीत महाराष्ट्राने तुलनेने लवकर पाऊल उचलले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवन तोडण्यावर बंदी घातली आणि राज्याने २०१२मध्ये त्यासाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष काढला. तिवर आणि चिपी या कांदळवनातल्या झाडांची दाट रांग लाटांचा जोर मोडते आणि चिखलात कार्बन साठवते, त्यामुळे बचाव आणि उत्सर्जनकपात ही दोन्ही कामे तिच्याकडून होतात. तिला जागा मात्र हवी असते, आणि खाडीकाठची जागा रस्ते, पूल आणि बंदरांनाही हवी असते. न्यायालयाच्या परवानगीने कांदळवन तोडण्याचे प्रस्ताव त्यामुळे थांबलेले नाहीत.

जगाचे उत्सर्जन कमी करण्याचा प्रश्न रायगडच्या हातात नाही. भारताने २०२१मध्ये ग्लासगोला २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. समुद्रात आधीच साठलेली उष्णता मात्र उत्सर्जन थांबले तरी अनेक दशके तिथेच राहणार आहे. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धनला लावलेली पोफळीची रोपे याच समुद्राच्या काठी, आता फळ धरण्याच्या वयाला येत आहेत.