आंद्रेयास पापांद्रेऊ : घोषणा एक, कारभार दुसरा

अमेरिकेच्या नावाने खडे फोडत ग्रीसमध्ये सत्तेवर आलेले आंद्रेयास पापांद्रेऊ स्वतः एकेकाळी अमेरिकी नागरिक होते. जन्म १९१९चा, खिओस बेटावरचा. विद्यार्थिदशेत मेटॅक्सास यांच्या हुकूमशाहीत अटक झाली, त्यानंतर त्यांनी अमेरिका गाठली. हार्वर्डची डॉक्टरेट, अमेरिकी नौदलात सेवा, मग बर्कली विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाचं प्रमुखपद.

वडील येओर्गिओस पंतप्रधान असताना, १९६४ मध्ये, ते निवडून येऊन थेट मंत्री झाले. स्वपक्षातल्या जुन्या नेत्यांना ते पचलं नाही. २१ एप्रिल १९६७ रोजी लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावली आणि आंद्रेयास तुरुंगात गेले. त्यांच्यासाठी अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे शब्द टाकणाऱ्यांत जॉन केनेथ गॅलब्रेथ होते, पूर्वी दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले तेच. सुटकेनंतर स्वीडन, कॅनडा.

लष्करशाही कोसळल्यावर ३ सप्टेंबर १९७४ला त्यांचा ‘पासोक’ हा समाजवादी पक्ष निघाला. पहिल्या निवडणुकीत जेमतेम साडेतेरा टक्के मतं, १९८१ मध्ये ४८ टक्के आणि सत्ता. नाटो सोडू, अमेरिकी तळ हटवू, अशी भाषा होती. ग्रीस नाटोतच राहिला आणि १९८३ मध्ये तळांचा नवा करारही झाला. ज्या युरोपीय समुदायाला शिव्या घातल्या, त्याच्याच निधीवर पुढे कारभार चालला.

देशात मात्र खरी उलथापालथ झाली. नोंदणी विवाहाला मान्यता मिळाली, १९८३च्या कौटुंबिक कायद्याने हुंड्याची प्रथा रद्द केली, राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी राहिली. नाझींविरुद्ध लढूनही यादवीनंतर देशद्रोही ठरलेल्या डाव्यांच्या प्रतिकाराला सरकारी मान्यता मिळाली आणि परागंदा झालेल्यांना परतीची वाट मोकळी झाली. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. याच काळात, जानेवारी १९८५ मध्ये, अण्वस्त्रबंदीच्या सहा राष्ट्रांच्या परिषदेसाठी ते राजीव गांधींचे पाहुणे म्हणून दिल्लीत आले होते.

खर्च मात्र कर्जावर चालला होता. १९८५ची निवडणूक जिंकताच काटकसर लादावी लागली. पुढे बँक ऑफ क्रीटचा घोटाळा आणि हवाई सुंदरी दिमित्रा लियानीशी जाहीर झालेले संबंध. १९८९ मध्ये सत्ता गेली. १९९२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना या घोटाळ्याच्या खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी निर्दोष ठरवलं, आणि १९९३ मध्ये लोकांनी पुन्हा निवडून दिलं! जानेवारी १९९६ मध्ये रुग्णालयातूनच राजीनामा देऊन त्यांनी पंतप्रधानपद सोडलं. कोस्तास सिमितिस त्यांच्या जागी आले. जूनमध्ये आंद्रेयास यांचं निधन झालं.