मराठीतील दलित आत्मकथने

जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेल्या समाजांतील लेखक-लेखिकांनी स्वतःच्या आणि स्वतःच्या माणसांच्या जगण्याविषयी लिहिलेले मराठी गद्यलेखन. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) हा प्रवाह ठळकपणे पुढे आला आणि पुढच्या दहाएक वर्षांत त्याने मराठी साहित्यातील दुःखचित्रणाची रीतच बदलून टाकली. भटक्या-विमुक्त जमातींतील लेखकांची आत्मकथने समाजशास्त्राच्या दृष्टीने वेगळी असली, तरी वाङ्मयीन चर्चेत ती बहुधा याच प्रवाहात धरली जातात. ‘आत्मचरित्र’ म्हटले की कर्तृत्वाचा आलेख अपेक्षित असतो. येथे बहुतेक लेखकांनी तिशी-चाळिशीतच लिहिले, तेही मुख्यतः बालपण आणि शिक्षण यांविषयी. त्यामुळे ‘आत्मकथन’ हेच नाव रूढ झाले.

अस्पृश्यतेचे दुःख मराठीत त्याआधी आलेच नव्हते असे नाही. चौदाव्या शतकातील चोखामेळ्याच्या अभंगांत ते आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो आजही वाचताना अंगावर येतो. विसाव्या शतकात श्री. म. माटे यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’सारख्या (१९४१) पुस्तकांतून गावकुसाबाहेरची माणसे मध्यमवर्गीय वाचकाला भेटली. माट्यांची कळकळ खरी होती. पण त्या कथांत दुःख भोगणारा एक आणि ते सांगणारा दुसरा, अशी वाटणी होती. वाचकाला कुठे गहिवर यावा हे सांगणारा ठरवी. दलित आत्मकथनांनी ही वाटणी मोडली, आणि या साहित्यप्रकाराचे खरे महत्त्व इथेच आहे.

हे शक्य झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीमुळे. १९२७चा महाडचा सत्याग्रह, १९५६चे नागपूरचे धर्मांतर आणि दरम्यान उभ्या राहिलेल्या शाळा, वसतिगृहे, महाविद्यालये यांतून शिकलेली पहिली पिढी तयार झाली. या पिढीने आधी कथा-कविता लिहिल्या. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने नव्या लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. आत्मकथने या स्फोटानंतरची. नोकरी लागून शहरात स्थिरावलेल्या माणसाने मागे वळून पाहिले, तेव्हा त्याला जे दिसले ते त्यांत उतरले.

‘बलुतं’ची रचनाच या मागे पाहण्यातून घडली आहे. शहरातला लेखक दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात, आणि दगडू बोलतो. नगर जिल्ह्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना ही दोन्ही ठिकाणे तो कसलाही आडपडदा न ठेवता दाखवतो. ज्या गोष्टी लपवण्याकडे माणसाचा कल असतो, त्याही त्यात आहेत: घरातली व्यसने, स्वतःचा भित्रेपणा, संसारातले स्वतःचे वागणे. दुःख भोगणारा माणूस निर्दोष असला तरच तो सहानुभूतीला पात्र, हा साहित्यातला जुना अलिखित नियम या पुस्तकाने मोडीत काढला. अन्यायाने माणूस पवित्र होत नाही, तो खचतो, कधी वाकडाही होतो, हे ‘बलुतं’इतके सरळपणे मराठीत क्वचितच कोणी लिहिले असेल.

करुणा या लेखनात आहे, पण ती बहुतेक वेळा भोगणाऱ्यांच्या आपसांतल्या वागण्यात सापडते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) आजीचा, म्हणजे संतामायचा, प्रसंग यासाठी जवळून पाहण्यासारखा आहे. गुरांच्या शेणातून न पचलेले ज्वारीचे दाणे बाहेर पडतात. आजी ते शेण गोळा करते, धुते, दाणे वेगळे करून वाळवते, दळते. भाकरी करताना ती नातवाला भीक मागून आणलेल्या पिठाची भाकरी देते आणि स्वतः शेणातल्या दाण्यांची खाते. नातू हट्टाने तिच्यातला तुकडा मागून घेतो, तेव्हा त्याला शेणाचा वास येतो. लेखक यावर भाष्य करत बसत नाही. भूक किती होती हे दाण्यांवरून कळते आणि आजी काय होती हे दोन भाकऱ्यांच्या वाटणीवरून. दारिद्र्याची वर्णने जगभर पुष्कळ झाली आहेत. उपाशी माणूस आपल्या ताटातले बरे ते दुसऱ्याला कसे देतो, हे इतक्या बारकाईने टिपलेले मात्र थोडेच सापडते.

शंकरराव खरात यांच्या ‘तराळ अंतराळ’मध्ये (१९८१) अन्यायाचे दुसरे रूप दिसते. लेखकाचे वडील गावचे तराळ, म्हणजे पिढीजात गावकाम करणारे महार. विहिरीत प्रेत सापडते. ते वर काढण्यासाठी विहिरीत उतरण्याचा हुकूम त्यांना होतो आणि काठावर उभा असलेला मुलगा जीव मुठीत धरून पाहत राहतो. हुकूम देणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. गावालाही नाही. या लेखनातला अन्याय फार वेळा असाच असतो. त्यात कोणी क्रूर खलनायक लागत नाही, कारण काम वतनाने ठरलेले, मोबदला ठरलेला, अपमानही ठरलेला. १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, त्याआधीची ही व्यवस्था आतून कशी चालत असे, हे इतिहासाच्या अभ्यासकालाही या पुस्तकांतून कळते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) हेच काम १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा करतो. माणूस जन्मतःच संशयित ठरतो, पोलीस दाराशी येणे ही नित्याची गोष्ट होऊन बसते. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्यांची शाळा दर मुक्कामाला कशी सुटते, ते आहे. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले.

स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार वेगळा करावा लागतो. जातीचा मार आणि घरातला मार, दोन्हींची नोंद त्यांत आहे. बेबी कांबळे यांनी फलटणला छोटे दुकान सांभाळत ‘जिणं आमुचं’ लिहिले आणि ते लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ते आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यांच्या निवेदनात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त. महारवाड्यातल्या बायांची बाळंतपणे, उपास, अंगात येणे, सुनांचे हाल हे सगळे त्या सांगतात आणि बाबासाहेबांच्या शब्दांनी याच बाया मुलांना शाळेत घालायला कशा उठल्या, तेही. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’चे (१९८६) नावच बोलीतले आहे. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) आणखी वेगळा डंख दिसतो. संस्कृतची उच्च पदवी मिळवूनही अध्यापनाची नोकरी मिळेना. ती मिळाली आंतरजातीय विवाहानंतर, नवऱ्याच्या आडनावाने. उपाशी पोट किंवा फाटके लुगडे यातले काहीच तिथे नाही, आणि तरी अपमान तसूभरही कमी नाही. पुढे ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने (२००३) कोकणातले बालपण, मुंबईतली नोकरी, चळवळीतल्या पुरुषांचे वागणे आणि मुलाच्या मृत्यूचे दुःख एकाच ओघात मांडले.

भाषेच्या बाबतीत या लेखनाने मराठीवर मोठे उपकार केले. महारवाडा, मांगवाडा, पालावरची बोली, शिव्या आणि ओव्यांसकट छापील पानावर आली. प्रमाण मराठीत गावगाड्याच्या या बाजूसाठी पुरेसे शब्दच नव्हते. जे होते ते वरून पाहणाऱ्याचे होते.

या पुस्तकांवर वादही झाले. सुरुवातीच्या समीक्षेचा एक सूर असा होता की हे समाजशास्त्रीय दस्तऐवज आहेत, कलाकृती नव्हेत. सौंदर्याचे निकष अनुभवावरून पुन्हा तपासले पाहिजेत, असे त्यावर लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात मांडले. समीक्षकांचा आक्षेप आज फारसा टिकत नाही. ‘बलुतं’ची दुहेरी निवेदनरीत किंवा संतामायच्या प्रसंगातला संयम हे कलेचेच काम आहे. दुसरा आक्षेप समाजातूनच आला आणि तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. जुनी लाज पुन्हा चव्हाट्यावर कशाला, आईबहिणींच्या अब्रूची चर्चा परक्या वाचकांपुढे कशाला, असा प्रश्न अनेकांनी विचारला. लेखकाचे दुःख त्याच्या एकट्याचे नसते. त्यात आई असते, आजी असते, आणि छापण्याआधी त्यांची संमती विचारली गेलेली नसते. सत्य सांगण्याचा हक्क आणि आपल्या माणसांची मर्यादा यांतला हा ताण प्रत्येक आत्मकथनात कमीअधिक आहे.

मराठीतून इंग्रजी, हिंदी आणि अन्य भाषांत या पुस्तकांची भाषांतरे झाली. तमिळमध्ये बामा यांचे ‘करुक्कू’ (१९९२) आणि हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (१९९७) ही त्याच प्रकारची पुस्तके. मराठीतला बहर मात्र त्यांच्या आधीचा, आणि एकाच दशकात एवढ्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या स्त्रीपुरुषांनी लिहिते होणे हे मराठीचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.