बनावट संग्राह्य नाणी आणि ऑनलाइन लिलाव

संग्राहकाला अस्सल म्हणून विकण्याच्या हेतूने केलेली जुन्या वा दुर्मिळ नाण्याची नक्कल. बाजारात खपवण्यासाठी त्या त्या काळी पाडलेल्या खोट्या नाण्यांपासून ती वेगळी मानतात. मात्र ही सीमा नेहमीच काटेकोर राहत नाही. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेले रोमन दिनारियस (एरवी चांदीचे नाणे) मुळात चलनातील खोटे नाणे होते; आज ते स्वतःच संग्राह्य आहे आणि त्याच्याही नकला आढळतात.

संग्राहकांसाठी नकला करण्याची परंपरा साधारणपणे सोळाव्या शतकातील इटलीपर्यंत मागे नेली जाते. पादुआचा जोव्हान्नी दा काव्हिनो (1500–70) याने रोमन सम्राटांच्या पितळी व ब्राँझ नाण्यांच्या धर्तीवर ठसे कोरले. प्राचीन नाण्यांचा अभ्यासक एनेआ व्हिको याने 1555 मध्ये प्राचीन नाण्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या कारागिरांत त्याचे नाव नोंदवले आहे. काव्हिनोचा हेतू फसवणुकीचा होता की प्राचीन कलेला मानवंदना देण्याचा, याविषयी एकमत नाही. त्याची अक्षरे व चकतीची (ज्यावर ठसा उमटवतात त्या धातूच्या तुकड्याची) घडण मूळ रोमन नाण्यांहून वेगळी ओळखू येते आणि त्याने स्वतःची व समकालीनांची पदकेही उघडपणे पाडली. हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या नाण्यांवरून पुढे इतरांनी ओतून काढलेल्या निकृष्ट प्रतींनी मात्र पुष्कळांना फसवले.

कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) याच्याबाबत असा संशयाचा फायदा देणे कठीण आहे. या जर्मन कारागिराने ग्रीक, रोमन व मध्ययुगीन मिळून तीनशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे ठसे कोरले. चकतीसाठी तो अनेकदा स्वस्तातली अस्सल प्राचीन नाणीच वापरी. त्यामुळे धातूच्या परीक्षेत त्याचे नाणे उत्तीर्ण होई. नवी नाणी लोखंडी कीस व वंगण भरलेल्या पेटीत ठेवून, ती पेटी घोडागाडीला बांधून तो फिरवून आणी, असे सांगतात.

ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, तपशील साबणासारखा गुळगुळीत असतो आणि कडेवर साच्याचा सांधा किंवा तो घासून काढल्याची खूण सापडते. अस्सल नाण्यावरून थेट ठसा तयार करून पाडलेले नाणे ओळखणे अधिक अवघड. त्यात मूळ नाण्यावरचे ओरखडे व खड्डेही ठशात उतरतात आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर जागच्या जागी दिसतात. असे दोन नमुने शेजारी आले की नक्कल उघडी पडते, एकट्यादुकट्या नाण्यात ती लपून राहते. तिसरा प्रकार अस्सल नाण्यावरच केलेल्या फेरफाराचा. टाकसाळीचे चिन्ह डकवून किंवा वर्षाचा एखादा अंक घासून सामान्य नाणे दुर्मिळ केले जाते. येथे वजन व धातू दोन्ही खरे असल्याने तराजू निरुपयोगी ठरतो.

वजन व विशिष्ट गुरुत्व या जुन्या कसोट्या अजूनही उपयुक्त आहेत. अमेरिकेचा ट्रेड डॉलर 27.22 ग्रॅम वजनाचा व 90 टक्के चांदीचा असतो. हलक्या मिश्रधातूच्या नकला येथेच गळतात. सोन्याची (19.3) नक्कल शिशाने (11.3) साधत नाही, परंतु टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की केवळ या कसोटीवर विसंबणे धोक्याचे. क्ष-किरण प्रतिदीप्तीने धातू कळतो, पण प्रामुख्याने पृष्ठभागाचा.

तज्ज्ञांची दृष्टीही दीर्घकाळ चुकू शकते. मॉर्गन डॉलर या अमेरिकी चांदीच्या नाण्याचे 1896, 1900 व 1902 या वर्षांचे, नेहमीपेक्षा लहान ‘ओ’ चिन्ह असलेले नमुने अनेक दशके न्यू ऑर्लिन्स टाकसाळीचा अस्सल उपप्रकार म्हणून चढ्या भावाने विकले गेले. वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांच्या मागील बाजूंवर ठशाचे तेच ते दोष आढळल्यावर 2005 मध्ये पीसीजीएस या प्रमाणन संस्थेने ते बनावट ठरवले. चांदीचा भाव नाण्याच्या दर्शनी किमतीहून बराच खाली असताना कोणीतरी खऱ्या चांदीत ते पाडले असावेत, हा तर्क सर्वाधिक पटण्याजोगा आहे. तसे असेल तर ते संग्राहकासाठी नव्हे, चलनासाठीच केलेले होते.

प्रत्यक्ष लिलावात बोली लावणाऱ्याला नाणे हातात घेऊन त्याची कड, वजन व दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्पर दिशा पाहता येते. ऑनलाइन लिलावात यातले काहीच उरत नाही. निर्णय छायाचित्रावर होतो, आणि छायाचित्र दुसऱ्याच नाण्याचे असू शकते. अंधुक चित्र, कडेचे चित्र नसणे, ‘वारशात मिळाले, मला यातले कळत नाही’ असे वर्णन, स्वस्त वस्तू विकून जमवलेले चांगले अभिप्राय, नाण्यांच्या ढिगात एकच ‘दुर्लक्षित’ दुर्मिळ नाणे या विक्रेत्यांच्या परिचित चाली. परत न घेण्याची अट सर्वांत बोलकी.

यावर उपाय म्हणून प्रमाणित, सीलबंद प्लास्टिक पेटीतील नाण्यांना मागणी वाढली. पीसीजीएस (1986) व एनजीसी (1987) या त्यांतील प्रमुख संस्था. मात्र 2008 च्या सुमारास पेट्याच बनावट येऊ लागल्या. त्यांवरील क्रमांक बहुधा खऱ्या नाण्याचा उचललेला असतो, म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक सापडणे पुरेसे नाही. तेथील छायाचित्राशी नाणे खुणेगणिक जुळले पाहिजे.

लिलावांच्या चित्रसंग्रहांनी अभ्यासकांना मोठे साधनही दिले आहे. पूर्वी निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेले एकाच ठशाचे नमुने आता काही मिनिटांत शेजारी मांडता येतात. प्रमाणित झालेल्या काही अमेरिकी ‘मोठ्या सेंटां’चे (जुन्या तांब्याच्या नाण्यांचे) बनावटपण समान ओरखड्यांवरून अशाच तुलनेत उघड झाले; हे काम बरेचसे हौशी संग्राहकांचे आहे, आणि त्याचे मोल संस्थांच्या कामाहून कमी नाही.

अमेरिकेच्या 1973 च्या कायद्यानुसार नाण्यांच्या प्रतिकृतींवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक आहे. 2014 च्या दुरुस्तीने विक्रीला जाणूनबुजून मोठे साहाय्य करणाऱ्यांनाही जबाबदार धरले. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाने 2012 मध्ये प्रतिकृती नाण्यांची विक्री, ‘कॉपी’ असे उमटवलेले असले तरी, बंद केली. समाजमाध्यमांवरील खाजगी गटांतल्या विक्रीला असे नियम क्वचितच लागू होतात.