पिकअपमधली जादा टाकी आणि 119 गॅलनची रेषा

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात डिझेलची जादा टाकी बसवायची म्हटली की पहिला आकडा कानावर पडतो तो 119 गॅलनचा. गंमत अशी की हा आकडा वाहनांच्या कायद्यातला नाहीच, धोकादायक मालाच्या वाहतूक नियमांतला आहे. तिथे 450 लिटरपर्यंतचे भांडे सुटे आणि त्यावरचे घाऊक धरतात. 450 लिटर म्हणजे जेमतेम 119 गॅलन. 1990 मध्ये हे नियम संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीशी जुळवले गेले, त्याआधी रेषा 110 वर होती.

डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, 52 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त. 38 अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेला द्रव रस्त्याने नेताना सौम्य वर्गात टाकायची मुभा आहे, आणि या वर्गाला सुट्या भांड्यात धोक्याचे फलक, मालाचे कागद असे काही लागत नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 च्या आसपास, त्यामुळे त्याला ही सवलत नाही. 1997 च्या नियमाने राज्यांतर्गत व्यावसायिक वाहतूकही या चौकटीत आणली, तेव्हा कामापुरता माल बाळगणाऱ्या कारागिरांना वेगळी सूट मिळाली: पेट्रोल एका डब्यात 8 गॅलनपर्यंत. स्वतःच्या गाडीतून निव्वळ खासगी कारणासाठी इंधन नेणाऱ्याला मात्र हे नियम लागूच नाहीत. म्हणजे तीच पिकअप, तीच टाकी. रविवारी कॅम्पिंगला नियमाबाहेर, सोमवारी कंत्राटाच्या साइटवर नियमात.

टाकी इंजिनाच्या इंधनव्यवस्थेला जोडली की दुसरेच कायदे सुरू होतात. धडकेत इंधन किती गळू शकते हे ठरवणारे अमेरिकेचे वाहन-सुरक्षा मानक क्र. 301 कारना 1968 पासून लागू झाले, हलक्या ट्रकांना नंतर. जनरल मोटर्सच्या 1973 ते 1987 च्या पिकअपमध्ये टाक्या चॅसिसच्या बाहेर, बाजूला होत्या. बाजूच्या धडकेत लागणाऱ्या आगींवरून चौकशी झाली, पण 1994 मध्ये गाड्या परत न बोलावता सुरक्षा कार्यक्रमांसाठी 5 कोटींहून अधिक डॉलर देण्यावर तडजोड झाली. कारखान्यातून आलेली सुरक्षा निकामी करायला डीलर आणि गॅरेजला 1974 पासून बंदी आहे. मालकाने स्वतः केलेले काम त्यात येत नाही. ही पळवाट प्रदूषणाच्या बाबतीत 1990 मध्ये बुजली. पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या कॅनिस्टरच्या व्यवस्थेत फेरफार केला तर आता मालकही अडकतो. जादा टाक्यांचा बाजार मुख्यतः डिझेलचा राहण्यामागे हेही एक कारण आहे.

डिझेलच्या ग्रॅव्हिटी किटमध्ये (इंधन पंपाविना, उतारानेच खाली येते) जादा टाकीची नळी मूळ टाकीच्या भरण्याच्या होजला T आकाराचा जोड लावून जोडतात आणि मूळ टाकी भरली की फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो. त्यात कचरा अडकला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि डिझेल मूळ टाकीच्या हवा ये-जा करण्याच्या नळीतून रस्त्यावर येते. म्हणून व्हॉल्व्हच्या आधी फिल्टर हवा, आणि जादा टाकीच्या तळाशी बॉल व्हॉल्व्ह, जो गाडी उभी असताना बंद ठेवायचा.

शिवाय 100 गॅलन डिझेलचे वजन सुमारे 320 किलो, टाकीचे वेगळे. ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या भारक्षमतेतूनच वजा होते.